एकास बहात्तर

लढाऊ विमानाची प्रतिकृती मांडून ठेवली की पाहायला येणारा मनुष्य पहिला प्रश्न हमखास हाच विचारतो : "हे उडते का हो?" नाही म्हटले की त्याचा निम्मा उत्साह ओसरतो आणि दुसरा प्रश्न येतो : "मग याचा उपयोग काय?" पहिल्या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात संपते. दुसऱ्याचे उत्तर द्यावयास व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस एक संध्याकाळ दिली, आणि आता या संग्रहात ही पाने दिली आहेत. संतवाङ्मय आणि महागाई यांच्यामध्ये कोठेतरी हा विषय बसवताना त्यांना थोडा संकोच वाटला असेल, तर आम्ही त्यांस दोष देत नाही. खेळण्यातील विमानावर प्रौढ माणसांनी दीड तास बोलावे आणि इतरांनी ते ऐकावे, ही गोष्ट वरवर पाहता चमत्कारिकच आहे.

प्रथम एक भेद स्पष्ट केला पाहिजे. छोटी विमाने करणाऱ्यांचे दोन पंथ आहेत. एक पंथ उडणारी विमाने करतो. एन.सी.सी.च्या हवाई शाखेतील मुलांनी केलेली बाल्सा लाकडाची विमाने वाचकांनी पाहिली असतील. उडणारे विमान हलके हवे, त्याचे पंख धडाच्या मानाने मोठे हवेत, शेपूट थोडी रुंद हवी; खऱ्या विमानाशी ते हुबेहूब जुळले नाही तरी चालते, कारण लहान आकाराला हवा निराळ्या रीतीने वागवते. दुसरा पंथ आमचा. आमचे विमान टेबलावरून कधीही हलत नाही. पण त्याची लांबी, रुंदी, खिडकीचा बाक, चाकांमधील अंतर, रंग, अंगावरचे आकडे हे सर्व एखाद्या विशिष्ट खऱ्या विमानाशी ठरावीक प्रमाणात जुळले पाहिजे. हे प्रमाण बहुधा एकास बहात्तर असते.

बहात्तरच का, शंभर का नाही, असे आमच्याकडील मुले विचारतात, कारण ती मीटर-सेंटिमीटरवर वाढलेली आहेत. याचे मूळ फूट-इंचांत आहे. एका इंचात सहा फूट बसवले की प्रमाण एकास बहात्तर होते, आणि सहा फुटी वैमानिक बरोबर एक इंचाचा होतो. १९३२ साली इंग्लंडात 'स्कायबर्ड्‌स' नावाने लाकडी विमानांचे संच निघाले, ते या मापाचे. १९३६ साली 'फ्रॉग' कंपनीने 'पेंग्विन' नावाची मालिका काढली. ती प्लास्टिकची असून तिचेही माप हेच. १९५३ साली 'एअरफिक्स'ने दोन शिलिंगांना स्पिटफायरचा संच विकावयास काढला आणि हा छंद श्रीमंतांच्या दिवाणखान्यातून शाळकरी मुलांच्या हाती गेला. एकास अठ्ठेचाळीस हे दुसरे प्रचलित माप, म्हणजे इंचाला चार फूट. ज्यांची दृष्टी चाळिशीनंतर मंदावते ते हळूहळू या मोठ्या मापाकडे वळतात. कारण विचारले तर तपशील अधिक दाखवता येतो असे सांगतात.

मात्र या लहान मापाला खरे महत्त्व आले ते खेळण्यामुळे नव्हे, तर युद्धामुळे. आकाशात दिसणारे विमान आपले की शत्रूचे, हे तोफ चालवणाऱ्याला दोन-तीन क्षणांत ठरवावे लागे, आणि या ठरवण्यात चूक झाली तर आपलाच माणूस मरे. म्हणून १९४२ च्या आरंभी अमेरिकेच्या नौदलाने तेथील शाळांकडे एक विलक्षण मागणी केली : मुलांनी लाकडाची पाच लाख विमाने करून द्यावीत, पन्नास प्रकारांची, प्रत्येकी दहा हजार, एकास बहात्तर मापाची, सगळी काळ्या रंगाची. काळा रंग अशासाठी की, शिकणाऱ्याने चिन्ह किंवा रंग पाहून नव्हे, तर केवळ आकृती पाहून विमान ओळखावे. यातले गणितही सुंदर आहे. असे विमान पस्तीस फुटांवर टांगले, तर पस्तीस गुणिले बहात्तर म्हणजे २,५२० फुटांवरील खऱ्या विमानाएवढे, जवळजवळ अर्ध्या मैलावरच्या विमानाएवढे, ते डोळ्याला दिसते. वर्गात बसून अर्ध्या मैलावरचे आकाश वाचावयास शिकायचे! उपयोग काय, असे विचारणाऱ्यास आम्ही प्रथम ही हकीकत सांगतो.

आता कामाकडे वळू. बाजारात मिळणारा संच म्हणजे पॉलिस्टायरीन नावाच्या प्लास्टिकचे सुटे भाग. वितळलेले प्लास्टिक पोलादी साच्यात दाबाने भरतात. थंड झाले की ज्या नळ्यांतून ते आत शिरले त्या नळ्यांसकट सर्व भाग एका चौकटीला फांदीला कैऱ्या लटकाव्यात तसे लटकून बाहेर येतात. चौकटीला आमच्यात 'स्प्रू' म्हणतात. ती फेकून देऊ नये. मेणबत्तीच्या ज्योतीवर धरून नरम झाली की दोन्ही टोके ओढावीत. केसासारखी बारीक तार निघते, आणि विमानाच्या बिनतारी यंत्राची तार तीच होते.

भाग कापावयास औषधाच्या दुकानात मिळणारे शस्त्रक्रियेचे अकरा नंबरचे पाते उत्तम. घासण्यास मोटारी रंगवणारे वापरतात तो वॉटर पेपर, तोही पाण्यात भिजवून. सांधे बुजवावयास गॅरेजमधली पुट्टी चालते. चिकटवण्याचे द्रव्य मात्र नीट समजून घ्यावे. प्लास्टिकसाठी मिळणारा पातळ सिमेंट हा सरसासारखा मध्ये बसून दोन भाग धरून ठेवीत नाही; तो दोन्ही कडा विरघळवतो, त्या एकमेकींत मिसळतात आणि द्रव उडून गेल्यावर एकच तुकडा होतो. म्हणून तो कमी लावावा. फेव्हिक्विकसारखे झटपट चिकटणारे द्रव्य काचेच्या भागाजवळ नेऊ नये, कारण त्याची वाफ पारदर्शक प्लास्टिकवर बसून पांढरी बुरशी आल्यासारखी दिसते. वैमानिकाची खिडकी साध्या पांढऱ्या फेव्हिकॉलने चिकटवावी; तो वाळल्यावर दिसत नाही आणि चूक झाली तर पाण्याने निघतो. पेट्रोल, थिनर, सिमेंट यांच्या वाफा डोक्यात जातात, म्हणून हे काम खिडकी उघडी ठेवूनच करावे. एका खोलीच्या बिऱ्हाडात ही गोष्ट घरच्या मंडळींना वेगळी सांगावी लागत नाही. ती आपणहून खिडकीच काय, दारही उघडतात.

संचाने दिलेला आकार मुकाट्याने घ्यावा असे नाही. पंखाची मागची कड पुष्कळ संचांत अर्धा मिलिमीटर जाड असते. अर्धा मिलिमीटर म्हणजे काही नव्हे असे वाटते. पण बहात्तरने गुणा, छत्तीस मिलिमीटर होतात. खऱ्या विमानाची ती कड सुरीसारखी होती, तिच्या जागी दीड इंचाची फळी आली! खिडकीचे प्लास्टिक एक मिलिमीटर जाड असले, तर खऱ्या विमानात सात सेंटिमीटर जाडीची भिंत झाली. पत्र्यांच्या सांध्यांच्या रेघा दोन दशांश मिलिमीटर रुंद कोरल्या, तर खऱ्या विमानात बोट शिरेल एवढ्या फटी पडल्या. म्हणून आमचा बराचसा वेळ जोडण्यात जात नाही, घासण्यात जातो. याच गणिताची एक गंमत सांगण्यासारखी आहे. लांबी बहात्तरपट कमी झाली तर आकारमान बहात्तरचा घन, म्हणजे ३,७३,२४८ पट कमी होते. पेट्रोल, गोळ्या आणि वैमानिक यांसह स्पिटफायरचे वजन साडेतीन हजार किलोच्या आसपास भरे. त्याला या आकड्याने भागले तर नऊ-साडेनऊ ग्रॅम येतात. एवढे बलाढ्य म्हणून गाजलेले यंत्र वस्तुतः पातळ पत्र्याची पोकळ कोठी होते, हे आम्हांस या भागाकाराने शिकवले.

आमच्या उपनगरांत या कामाला ऋतूंचे बंधन आहे. जूनमध्ये पाऊस सुरू झाला की फवाऱ्याने रंग देणे शहाण्याने बंद करावे. रंगातील द्रव उडून जाताना पृष्ठभाग गार करतो. हवेत आधीच पाणी भरलेले असले की त्या गार पृष्ठभागावर दव धरते आणि ओल्या रंगात अडकून पांढुरका डाग पडतो. बोरिवलीत काय आणि मुलुंडात काय, जुलैतील हवा सारखीच दुष्ट. पावसाळ्यात आम्ही कापणे, घासणे आणि वाचणे एवढेच करतो. रंगाचे दिवस दसऱ्यापासून होळीपर्यंत.

या वाचण्यातून आमच्या विषयाचा मुख्य भाग निघतो. विमान जोडून झाले, घासून झाले, आणि आता रंग द्यावयाचा, तेव्हा एक प्रश्न टाळता येत नाही : हे कोणते विमान? स्पिटफायर हे उत्तर पुरत नाही. स्पिटफायर वीस हजारांहून अधिक झाली. कोणत्या तुकडीचे, कोणत्या वर्षीचे, कोणत्या आघाडीवरचे? डब्यात पाण्यात भिजवून चिकटवावयाची ट्रान्स्फरे असतात आणि ती बहुधा १९४० च्या इंग्लंडमधल्या एखाद्या नामांकित वैमानिकाची असतात. मुलगा ती चिकटवतो आणि मोकळा होतो. पण अंधेरीच्या किंवा घाटकोपरच्या घरात, डोक्यावरून सांताक्रूझला उतरणारी विमाने सारखी घरघरत असताना, केव्हातरी कोणीतरी विचारतोच, की या युद्धात आपले असे काही विमान होते का?

होते. भारतीय हवाई दल ८ ऑक्टोबर १९३२ ला स्थापन झाले आणि युद्ध संपताना त्याच्या नऊ तुकड्या होत्या. पहिली तुकडी स्क्वाड्रन लीडर अर्जन सिंग यांच्या हाताखाली हरिकेन विमाने घेऊन १९४४ साली इंफाळच्या वेढ्यात लढली. त्याच वर्षी आठव्या तुकडीला स्पिटफायर मिळाली; भारतीय तुकड्यांत ती पहिली. पुढे हवाई दलाचे प्रमुख झालेले हृषीकेश मुळगावकर तरुणपणी याच ब्रह्मदेशच्या आघाडीवर उडत होते.

या आघाडीवरचे विमान करावयाचे तर डब्यातली ट्रान्स्फरे निरुपयोगी ठरतात, आणि त्याचे कारण मोठे बोधक आहे. ब्रिटिश विमानाच्या चिन्हाच्या मध्यभागी लाल टिकली असे. जपानी विमानाचे चिन्ह म्हणजे नुसता लाल गोळा. जंगलावर, ढगांतून, निमिषमात्र दिसलेल्या विमानावर लाल काही चमकले की मित्रच मित्रावर गोळी झाडी. म्हणून १९४२-४३ मध्ये भारत आणि ब्रह्मदेशाकडील विमानांवरून लाल रंग पार काढून टाकण्यात आला. बाहेर गडद निळे आणि आत फिके निळे असे दोन निळ्यांचे चिन्ह आले. अमेरिकनांनीही आपल्या ताऱ्यातली लाल टिकली याच भीतीने मे १९४२ मध्ये पुसली. १९४५ च्या सुमारास गडद रंगाच्या विमानांवर पंखांना आणि शेपटीला पांढरे पट्टेही ओढले गेले. या फिक्या निळ्याची छटा कोणती, यावर आम्हां लोकांत जे वाद होतात ते एखाद्या नवख्याने ऐकले तर त्यास वाटावे की घराण्याची इस्टेट वाटली जात आहे. रंग थोडा फिका द्यावा की जसाच्या तसा, हाही असाच न मिटणारा वाद. फिका द्यावा म्हणणाऱ्यांचे म्हणणे असे : प्रतिकृती आपण एका फुटावरून पाहतो, म्हणजे खरे विमान बहात्तर फुटांवरून पाहिल्यासारखे, आणि मधली हवा रंगाची धार कमी करते. आम्हांस हे पटते. पण बहात्तर फुटांत हवा ती किती, असे विचारणाऱ्यांचे तोंड आम्ही अजून बंद करू शकलेलो नाही.

यापुढची गोष्ट आम्ही जेव्हा प्रथम वाचली तेव्हा आमचा विश्वास बसेना. ब्रिटिश हवाई दलात मुंबईच्या नावाच्या दोन लढाऊ तुकड्या होत्या : १२२ क्रमांकाची 'बॉम्बे' आणि १३२ क्रमांकाची 'सिटी ऑफ बॉम्बे'. दोन्ही १९४१ साली उभ्या राहिल्या, दोन्हींकडे स्पिटफायर होती. १२४ क्रमांकाच्या तुकडीचे नाव 'बडोदा'; तिच्याकडे फार उंचावर जाणारी, टोकदार लांब पंखांची स्पिटफायर काही काळ होती. ही नावे देणग्यांवरून पडली. जेथून युद्धनिधीला मोठी रक्कम गेली, त्या गावाचे किंवा संस्थानाचे नाव तुकडीला देत. एका स्पिटफायरची देणगी म्हणून पाच हजार पौंड हा आकडा ठरवून टाकला होता. खरी किंमत त्याहून पुष्कळ जास्त. रुपयाला दीड शिलिंग या त्या वेळच्या दराने पाच हजार पौंडांचे साडेसहासष्ट हजारांवर रुपये होतात. 'सिटी ऑफ बॉम्बे'चे बोधचिन्ह मागच्या पायांवर उभा राहिलेला बिबट्या, आणि त्याखाली लॅटिन वाक्य : बिबट्यापासून सावध रहा. बोरिवलीकरांस ही सूचना स्वतंत्रपणे देण्याची गरज नाही.

या तुकडीचा १९४४ मधला प्रमुख जेफ्री पेज हा होता. १२ ऑगस्ट १९४० ला त्याचे हरिकेन पेटले. हरिकेनमध्ये पेट्रोलची एक टाकी वैमानिकाच्या थेट समोर, यंत्र आणि त्याचे गुडघे यांच्यामध्ये असते. संच जोडताना आपण तेथे एक साधी आडवी भिंत चिकटवतो आणि पुढे जातो. तिचा अर्थ काय हे पेजची हकीकत वाचल्यावर कळते. त्याचे हात व तोंड भाजले, आर्चिबॉल्ड मॅकिंडो या शल्यविशारदाने त्याच्यावर एकामागून एक शस्त्रक्रिया केल्या, आणि तो पुन्हा विमानात बसून मुंबईच्या नावाची तुकडी घेऊन फ्रान्सवर उडू लागला. पुढे ही तुकडी सिंहलद्वीपास आली आणि तेथून १९४५ च्या सप्टेंबरात हाँगकाँगला गेली. १९४६ साली ती तेथेच मोडली.

आता येथे थोडे थांबले पाहिजे, कारण व्याख्यानानंतर एका वृद्ध श्रोत्यांनी नेमके येथेच आम्हांस अडवले. हे पैसे कोणाचे? त्यांचा प्रश्न रास्त होता. युद्धनिधी गिरण्यांनी दिला, संस्थानिकांनी दिला, सरकारी अंमलदारांनी गोळा केला. त्यातला खुषीचा किती आणि दडपणाचा किती, हा वाद त्या काळीही होता. तुकडीला शहराचे नाव मिळून वर्ष होते न होते तोच, ८ ऑगस्ट १९४२ ला, त्याच शहरातल्या गवालिया टँक मैदानावर 'छोडो भारत'चा ठराव झाला. पंधरा ऑगस्टला व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी बिहारात रेल्वेचे रूळ उखडणाऱ्या जमावांवर विमानांतून मशीनगन चालवण्यास परवानगी दिली. ज्या चिन्हाची विमाने फ्रान्सवर हिटलरशी लढत होती, त्याच चिन्हाची विमाने पाटण्याच्या आसमंतात आमच्याच लोकांवर गोळ्या झाडीत होती. टेबलावरचे विमान यातले काही सांगत नाही. सांगावे लागते ते करणाऱ्याने, आणि म्हणून प्रतिकृतीखालच्या पाटीवर नुसते 'स्पिटफायर' लिहून भागत नाही, असे आमचे मत आहे. त्या गृहस्थांचे म्हणणे असे की ते विमान करूच नये. आम्हांस हे मान्य नाही. करावे, आणि पाटी मोठी लिहावी.

इंफाळचे उदाहरण तर याहून अवघड आहे. १९४४ च्या उन्हाळ्यात वर अर्जन सिंगांची हरिकेन टेहळणी करीत होती, आणि खाली जपानी सैन्याबरोबर आझाद हिंद सेनेचे जवान चालून येत होते. वरच्यांत आमचे, खालच्यांतही आमचे. १४ एप्रिल १९४४ ला इंफाळच्या दक्षिणेस मोइरांग येथे कर्नल शौकत मलिक यांनी आझाद हिंदचा झेंडा लावला. त्याच दिवशी दुपारी मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टिकिन' ही बोट फुटली. तिच्यात सुमारे चौदाशे टन दारूगोळा होता, कापूस होता, सोने होते; आणि इंग्लंडातील बर्कनहेडहून ती निघाली तेव्हा तिच्या मालात सुटे भाग करून खोक्यांत भरलेली स्पिटफायर विमानेही होती. म्हणजे खरे विमानही या देशात संचासारखे खोक्यातूनच येत होते! या स्फोटाची नोंद सिमल्याच्या भूकंपमापकावर झाली. आमच्यापैकी एकाच्या टेबलावर भारतीय तुकडीचे हरिकेन आणि जपान्यांचे 'हायाबुसा' अशी दोन विमाने शेजारी ठेवलेली आहेत. दोन्ही ब्रह्मदेशच्या आकाशातली. हायाबुसाच्या पंखावर लाल गोळा आहे, हरिकेनच्या पंखावर दोन निळी. पाटीवर एकच तारीख आहे, १४ एप्रिल १९४४.

जर्मन विमानांचा एक प्रश्न आमच्या घरांतच उद्भवतो. मेसरश्मिटच्या शेपटीवर स्वस्तिक असते. मुलगा ते चिकटवतो आणि आजी कौतुक करते, की बघा, साहेबसुद्धा शुभचिन्ह काढतात! तिला कसे समजवावे? आकृतीचा भेद दाखवता येतो : नाझींचे चिन्ह कोनावर तिरके उभे केलेले असे, आमचे उंबरठ्यावर सरळ बसते आणि त्याच्या चार घरांत चार टिंबे असतात. पण हा भेद आकृतीचा झाला. त्या चिन्हाखाली काय घडले ते निराळे सांगावे लागते. जर्मनीत कायद्याने ते चिन्ह उघड दाखवण्यास बंदी असल्यामुळे पुष्कळ संचांतून ते गाळलेले असते किंवा दोन तुकडे करून दिलेले असते. काही जण इतिहास म्हणून ते लावतात, काही जण जागा कोरी ठेवतात. आम्ही लावतो, मात्र मुलाने ते लावण्याआधी त्याच्याशी बोलावे, एवढा आमचा आग्रह आहे.

जर्मन विमानांवरून आठवले. फॉक-वुल्फ १९० हे युद्धातले अव्वल लढाऊ विमान कुर्त टँक या अभियंत्याने आखले. हाच मनुष्य १९५६ साली बंगळूरला आला आणि त्याने हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या लोकांबरोबर 'मरुत' हे जेट लढाऊ विमान आखले. ते १७ जून १९६१ ला प्रथम उडाले आणि १९७१ च्या युद्धात लढले. वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्राच्या आवारातले मरुत वाचकांपैकी अनेकांनी मुलांना घेऊन पाहिले असेल. ते पुन्हा पाहावे, वही-पेन्सिल घेऊन. चाकांच्या कोठीची दारे किती पातळ आहेत, रिवेटे दहा पावलांवरून दिसतात की नाही, उन्हाने रंग कोठे उडाला आहे, हे खऱ्या विमानाभोवती एक प्रदक्षिणा घातल्याने जेवढे कळते तेवढे शंभर चित्रांनी कळत नाही. दिल्लीस जाणाऱ्याने पालमचे हवाई दलाचे संग्रहालय चुकवू नये; हरिकेन, स्पिटफायर आणि टेंपेस्ट ही तिन्ही तेथे जतन केलेली आहेत.

नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी आम्हांस पत्ता विचारला, संच विचारला, खर्च विचारला. पहिले विमान स्वस्तातले घ्यावे आणि ते बिघडणार असे धरूनच करावे. दुसरे नीट होते. ट्रान्स्फर चिकटवण्यापूर्वी खाली चकचकीत वार्निश द्यावे, कारण खरखरीत रंगावर ट्रान्स्फरखाली हवा अडकते आणि चंदेरी दिसते. सर्व झाल्यावर वरून मंद वार्निशाचा हात द्यावा. धुराचे ओघळ रंगीत खडूच्या पुडीने काढावेत, रंगाने नव्हे.

आणि कोणास मुंबईच्या नावाचेच विमान करावयाचे असेल तर त्याची रीत अशी. संच स्पिटफायर नऊचा घ्यावा. १९४४ साली 'सिटी ऑफ बॉम्बे'कडे तेच होते. पंखांचा विस्तार टोके न कापलेल्या विमानात साडेपंधरा सेंटिमीटरच्या किंचित वर भरला पाहिजे. तो फूटपट्टीने मोजावा, डब्यावर लिहिलेल्यावर विसंबू नये. तुकडीची अक्षरे दोन इंग्रजी एफ, फिक्या हिरवट-निळ्या रंगाची, धडावरच्या गोल चिन्हाच्या एका अंगाला. दुसऱ्या अंगाला त्या विमानाचे स्वतःचे एक अक्षर. ही अक्षरे डब्यात बहुधा मिळत नाहीत. जुन्या संचांच्या उरलेल्या ट्रान्स्फरांत तेवढ्याच उंचीचा इंग्रजी ई शोधावा. पाण्यात टाकण्यापूर्वी, कागदावर असतानाच, नव्या पात्याने त्याची खालची आडवी दांडी कापून टाकावी. एफ तयार होतो. असे चार लागतात, दोन डाव्या बाजूस आणि दोन उजव्या. एखादा जास्तीचा कापून ठेवलेला बरा.